एकशेवीस जणांचं अक्षर

४ फेब्रुवारी १९९१

पुन्हा तोच ढीग! तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला आणि तिसऱ्यांदा एकतीस फॉर्म एकाच ढिगात. बाकीचे एकोणनव्वद शहाण्यासारखे आपापल्या जागी. हे एकतीस मात्र एकमेकांना चिकटलेले — जणू एकाच माणसानं लिहिलेत.

स्वतःलाच पुन्हा एकदा सांगते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. मी कॉम्प्युटरला हातानं लिहिलेले देवनागरी अंक ओळखायला शिकवते आहे. पीएच.डी. त्याचीच. त्यासाठी एकशेवीस वेगवेगळ्या माणसांकडून शून्य ते नऊ लिहून घेतले. ‘घेतले’ म्हणजे बाबांनी घेतले — दोन वर्षांपूर्वी, पोलादाच्या प्लांटवर, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात नोकरीला होते तेव्हा. मग प्रत्येक अंकावर मी आलेखाचा पातळ कागद ठेवला आणि चौकट चौकट भरली. शाई असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. बाराशे अंक! चष्मा त्यातूनच लागला.

आता सर, म्हणजे माझे रायपूरचे गाइड, म्हणतात, जमा करण्याआधी अक्षरावरून माणसं वेगळी निघतात का ते तपास, बाहेरचा परीक्षक विचारणारच. तपासलं, तर हे. बग असणार. उद्या शोधते.

५ फेब्रुवारी

बग नाही.

८ फेब्रुवारी

ट्रंकेतून मूळ फॉर्म काढले. वरवर सगळे वेगळे — कुठे निळी शाई, कुठे काळी, कुठे पेन्सिल. कुठे घाईतले ठेंगणे अंक, कुठे निवांत लांबुळके. चुकलं ते मशीनच, म्हणून मी खूश झाले. आणि मग पाच दिसला.

पाचाची शेपटी खाली येऊन किंचित आत वळते, आणि पेन उचलायच्या आधी तिथे एक टिंब रुततं. एकतीसच्या एकतीस फॉर्मांवर. नऊचं डोकं गच्च मिटलेलं. हा पाच मी ओळखते. माझ्या पहिलीच्या पाटीवर हाच होता, माझा हात हातात धरून काढलेला.

बाबा गेल्या मे महिन्यात गेले. आणि इथे एकतीस नावं घेऊन बसलेत! फॉर्म ४७ — शालिकराम, खलाशी (प्लांटात अवजड सामान हलवणारा), वय ४४, कोहका. फॉर्म ४७ म्हणजे बाबा. फॉर्म १२ म्हणजे बाबा. ट्रंक बंद केली. बाबा, हे काय करून ठेवलंत!

९ फेब्रुवारी

घरात कुठे बघायची सोय उरली नाही. वस्तू घरात आली की तिच्यावर तारीख टाकायची, ही बाबांची सवय. डाळीच्या डब्याच्या बुडाला, इस्त्रीच्या मुठीवर, पंख्याच्या पात्यावर, बल्बच्या पितळी टोपीवरसुद्धा — किती दिवस टिकतो ते कळायला. इतकी वर्षं मला दिसत नव्हतं. आज आंघोळीच्या बादलीवर १५-५-८५ दिसलं. तीन पाच! पाणी तसंच टाकून बाहेर आले.

आई म्हणाली, “कावून भूत पाह्यल्यावानी करून राहिली?”

काही नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी

रायपूरला सरांकडे गेले. सांगायचं ठरवून निघाले होते, बस वाटेत कुम्हारीला येईपर्यंत वाक्यही तयार होतं. सरांनी दार उघडलं तेच हसत — “तिरानवे परसेंट! कमलिनी, अब सोना मत. लिखो!” शंभरातले त्र्याण्णव अंक मशीन बरोबर ओळखतं, याचा आनंद त्यांना माझ्याहून जास्त. नोंदणी मार्चअखेर संपते, मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे, हे त्यांनी पुन्हा बजावलं.

मी मान डोलावली, चहा प्यायले, परत आले. भित्री कुठली.

१४ फेब्रुवारी

एकतीस फॉर्म वगळून प्रोग्राम चालवला. एक्क्याऐंशी. त्र्याण्णवावरून एक्क्याऐंशी! मशीननं बाबांचं अक्षर पाठ करून टाकलं होतं, म्हणून इतके मार्क.

कुणाला कळणार आहे? एक मी, एक मशीन. मशीन बोलत नाही.

१५ फेब्रुवारी

काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. दुपारी दोनची पाळी माझी होती. चपला बाहेर काढून कॉम्प्युटर रूममध्ये शिरले. आत नेहमीचा गारठा. एकतीस जणांच्या प्रत्येक अंकाची सरासरी काढून पडद्यावर मांडायला सांगितली. हिरव्या फुल्यांतून आधी शून्य आलं, मग एक, मग दोन. पाच येईपर्यंत मी खुर्चीत मागे सरकले होते. थरथर नाही, घाई नाही. एकतीस नावं गळून पडली आणि स्वच्छ बाबा उरले.

छापून घेतलं. प्रिंटर करकरत एकेक ओळ काढत होता आणि मला सारखं वाटत होतं, आता बाबा मागे खोकतील. मागे वळून बघितलंसुद्धा. टिकारामनं, आमच्या अटेंडंटनं, विचारलं, “मॅडम, तबीयत ठीक है?” भीती वाटली हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. आपल्याच बापाची.

१७ फेब्रुवारी, रविवार

कोहक्याला जाऊन शालिकरामला गाठलं. फॉर्म ४७ त्याच्या हातात दिला. हा तुम्ही लिहिला का?

त्यानं फॉर्म उलटा धरला! उलटाच धरून बराच वेळ बघितला.

“आमाले कुठं लिहिता येते, बाई? बाबूजी म्हनले, पोरीच्या अभ्यासाचं हाय. मी म्हनलं, मंग तुमीच भरा, नेहमीसारखं. छुट्टीचा अर्ज तेच भरत, क्वार्टरचा तेच भरत. मी निस्ता अंगठा मारो.”

त्याची बायको भागीरथा चहा घेऊन आली होती. तिचा चेहरा उतरला. “काही चुकलं का बाबूजीचं?”

नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतताना सायकल हातात धरून चालत आले, पॅडल मारवेना. राग कुणाचा करू? त्यांनी फसवलं नाही. फसवणं त्यांना सुचलंही नसणार. तीस वर्षं लोकांचे फॉर्म भरणाऱ्या माणसासमोर मी आणखी एक फॉर्म ठेवला, त्यानं तो भरला. पण मला एका शब्दानं सांगायचंत ना, बाबा!

१८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. चुकलंच.

“आता मेल्यावर त्यायले खोटं पाडशील? टाइम ऑफिसात एका मिनिटाची हाजरी कोनाची इकडची तिकडं केली नाही त्यायनं. सारा प्लांट सांगन!”

सगळं खरं. देवराव बाबूंची हजेरी म्हणजे घड्याळ, असं लोक म्हणायचे. आणि मी थीसिसमध्ये छापणार की नमुने त्यांनीच भरले. पांढऱ्यावर काळं होईल, लायब्ररीत राहील. नाही छापलं तर मी खोटी. आई जेवली नाही. मीही नाही.

२१ फेब्रुवारी

लिहवत नाही.

२३ फेब्रुवारी

नवी बादली आणली. आईनं विचारलं, जुनीला काय झालं? गळते म्हटलं. गळत नव्हती.

५ मार्च

सरांना सांगून टाकलं. दारातच, चप्पल काढायच्या आधी, नाहीतर पुन्हा चहा पिऊन परत आले असते.

त्यांनी आधी मला खुर्ची दिली. मग — “बचे हुए नवासी तो असली हैं न?”

जी, म्हटलं.

“तो बस. इकतीस हटाओ, इक्यासी लिखो, नीचे एक लाइन दो. पिताजी का नाम किसने माँगा है?”

एक ओळ! ‘एकतीस नमुने एकाच व्यक्तीच्या हातचे आढळल्याने वगळले आहेत.’ खरंही झालं आणि बाबाही वाचले. महिनाभर ह्या एका ओळीसाठी झुरत होते? बसमध्ये इतकी गाढ झोपले की कंडक्टरनं उठवलं. आईला सांगितलं तर तिनं झुणका टाकला.

१९ मार्च

थीसिस बांधून आला. पाच प्रती, तांबडं कापड, सोनेरी अक्षरं. आईनं देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. मंगळवारी जमा करायचा. पाच वर्षं! आज पंख्याकडे बघितलं, तारीख दिसली, काही वाटलं नाही.

२४ मार्च, रविवार

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या म्हणेन की असं झालंच नाही.

दुपारी भैयालाल आला. कोक ओव्हनवरचा, म्हणजे प्लांटच्या भट्टीवरचा कामगार, पन्नाशीचा. नाव ऐकल्याबरोबर मला नंबर आठवला — १०३. माझ्या खऱ्या एकोणनव्वदांतला. उंबऱ्याशीच उभा राहिला. म्हणाला, “एक चिठ्ठी लिहून द्या, बाई. माय हाय आमगावकडं. दहा महिने झाले, धाडली नाही.”

मी म्हटलं, का नाही धाडली?

“लिहिनार कोन? बाबूजी गेले.”

मी म्हटलं, शेजारी कुणाकडूनही लिहून घ्यायची.

“तसं नाही जमत. मायले वाचता नाही येत, पन माहं अक्षर वळखते ते. दुसऱ्याचं दिसलं तं तिले वाटन, पोरगा मेला.” खिशातून त्यानं मऊ पडलेलं एक पोस्टकार्ड काढलं. “असं लिहा. हे माहं अक्षर होय. पयल्या चिठ्ठीच्या टायमालेच बाबूजीनं पक्कं करून देल्लं होतं. मंग बदललं नाही कधी.”

मी विचारलं, फक्त तुमचंच?

“समद्यायचंच जी! ज्याची ज्याची मानसं गावाले, त्याचं त्याचं अक्षर येगळं. शालिकरामसारखं बायको-पोरं इथंच असन, त्याले चिठ्ठी कायले लागते? त्याले अक्षर नव्हतं.”

म्हणजे त्या एकतीसांना बाबांनी आपलंच अक्षर दिलं होतं. आत जाऊन फॉर्म १०३ काढला. पोस्टकार्डावरच्या तारखेच्या आणि पिनकोडच्या आकड्यांशेजारी ठेवला. तोच डावरा सहा, तोच रुंद चार. पाचाची शेपटी सरळ, टिंब नाही. त्यात बाबांचं काही म्हणजे काही नव्हतं. ह्या फॉर्मांतले बाबा मशीनला सापडले नाहीत ते ह्यामुळे. मलाही सापडले नाहीत. एकोणनव्वद माणसं, एकोणनव्वद अक्षरं, वर्षानुवर्षं, एकाची दुसऱ्यात मिसळली नाहीत!

आणि मी गाढव! ‘बाबा, साऱ्या प्लांटची माणसं तुमच्याकडे येतात, तुम्हीच गोळा करा ना’ असं लाडात येऊन मीच म्हटलं होतं. येत होती ती लिहिता येत नव्हतं म्हणून येत होती.

भैयालालची चिठ्ठी लिहिली. दोन कार्डं वाया गेली. तिसरं त्यानं हातभर लांब धरून बघितलं, मान हलवली, म्हणाला, “हाव. हा मीच.”

२६ मार्च

थीसिस घरीच ठेवून रायपूरला रिकाम्या हातानं गेले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “एक सौ बीस में से एक भी नहीं?”

एकही नाही.

“पंजीयन खत्म हो जाएगा, कमलिनी. फिर से पाँच साल.”

जी, म्हटलं. नोंदणी गेली. येताना बसमध्ये रडले, अगदी उघड. शेजारच्या बाईनं पदर दिला. बाबा गेले तेव्हा एवढी रडले नव्हते.

३१ मार्च

सकाळी दार उघडलं तर अंगणात सातजण बसलेले. भैयालालनं सांगितलं असणार. सगळे माझ्या यादीतले. आईनं न विचारताच चहा टाकला. मी पेन घेऊन पायरीवर बसले. पहिला पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, “माहं अक्षर जरासं डावीकडं झुकते, बाई.”