चिंध्या बांधलेली ताटं

सास्तूर, ता. उमरगा
दि. २ मार्च १९८६

चि. व्यंकट यास,

तुझ्या आजीचा, सारजाबाईचा आशीर्वाद. या खेपेला निम्माच धाडते, उरलेला निम्मा तू कसा वागतोस ते बघून. इकडं सगळे खुशाल आहेत, तुझ्या बापाची कंबर आणि माझं डोकं सोडून. उमरग्याला तुझी बायको, लेकरं बरी असतील. तू तर बराच असशील, बुडाखाली सोसायटीची जीप आहे.

पत्र नीलम्मा लिहितेय, शरणबसप्पा दुकानदाराची सून. माझ्या तोंडचं ती धुऊन-पुसून लिहिते. शिवी आली की तिचं पेन थांबतं. म्हणून जिथं तुला वाक्य फार गोड वाटेल, तिथं शिवी होती असं समज.

बेंबळीला माझी बहीण बनाबाई, तिचा पाय मोडलाय. तोंड शाबूत आहे. आठ दिवस तिचं सगळं केलं आणि परत आले, तर आपलं रान मोकळं. तुझा बाप म्हणला, "आई, व्यंकट आलता. माणसं घिऊन आलता, दोन दिसात ज्वारी काढून दिली. तुला निरोप ठिवलाय."

निरोप ऐकला. "आजीला सांगा, तिनं चिंध्या बांधलेली बुटकी ताटं मी सगळ्यात आधी उपटून बैलांपुढं टाकली. तिचं काम हलकं केलं."

हलकं केलंस राजा. लई हलकं केलंस.

तुला वाटलं, म्हातारीनं टाकायची ताटं खुणेला बांधून ठेवलीत. रोगट कणसाला तुमचे सोसायटीवाले खूण करतात, तशी. अरे, तेरा वर्षं मी त्या रानात चिंध्या बांधतेय. परभणीला जाऊन शेतकी शिकलास, तिथं तुला मातीची परीक्षा करायला शिकवली, पिकाची शिकवली. आजीला एक प्रश्न विचारायला कुणी शिकवलं नाही?

ते माझं बियाणं होतं.

आणि तू निवडून ठेवलेलं तुझं बियाणं माझ्या खाटेखाली आहे. पोत्याला सोसायटीची चिठ्ठी, तोंड शिवलेलं. शुक्रवारी जीप येणार, ते नेणार, आणि पुढच्या साली सगळ्या गावाला पेरायला देणार म्हणे. मी पोतं उसवलं. हो, उसवलं. मुठीएवढी कणसं, बघून कुणीही भुलावं. पण मी त्यांना ओळखते. ती उकिरड्याच्या कडेची ताटं. एका बाजूला शेणखत, दुसऱ्या बाजूला बांध, शेजारी कुणी नाही, ऊन मोकळं, पाणी झिरपून येतंय ते सगळं त्यांनाच. तिथं वांझोटा दगड ठेवला असता तरी फुगला असता. तो मोठेपणा जागेचा आहे, दाण्याचा नाही. तेच दाणे रानाच्या मधोमध टाक आणि मग मला दाखव.

मधोमध कसं असतं ते तू जीपमधून पाहिलं नसशील. चार बोटांवर दुसरं ताट. वर उंच ताटांची सावली, खाली त्यांचीच मुळं ओल ओढणार. औंदा पाऊस दसऱ्याआधी गेला तो गेला. उंच ताटं नुसती चढत राहिली, शेजाऱ्याच्या वर डोकं काढायच्या नादात. कणीस टाकायची वेळ आली तेव्हा खाली ओल नव्हती. कडबा झकास, दाणा पोचट. आणि त्यांच्या बुडाशी गुडघ्याएवढं ताट, अंगठ्याएवढं कणीस, त्यात पंधरा-वीस दाणे. पण दाताखाली घेतलास तर कट्ट वाजावा असा दाणा. त्यानं उंचीचा नादच केला नाही. होती नव्हती ती ओल लेकरांच्या अंगी घातली.

बुटकं आहे म्हणून मी चिंधी बांधत नाही, हेही ऐक. नुसती बुटकी रानात लई असतात. निम्मी तर काही न धरता वाळून जातात. जे दाटीत राहिलं, उपाशी राहिलं आणि तरी भरलं, त्यालाच चिंधी. चिंध्या सतराच आहेत माझ्याकडं. त्या सतरा कणसांचे दाणे आधी घरामागच्या वाफ्यात पेरते, त्यातून जे होतं ते पुढच्या साली रानात जातं. म्हणून तर वाईट सालीसुद्धा आपल्या घरात भाकर असते आणि तू म्हणतोस, आजीचं नशीब चांगलं.

हे मला बहात्तर सालानं शिकवलं. त्या साली उंच ताटं कणीस बाहेर यायच्या आतच वाळली. तुझे आई-बाप खडी फोडायला गेले होते. मी वाकून वाकून गुडघ्याएवढ्या ताटांची कणसं खुडली. सगळं रान फिरून दोन शेर झाले. राख लावली, मडक्यात भरले, तोंड शेणानं लिंपलं. ते मडकं तुला आठवत असेल.

जाऊ दे. नीलम्मा म्हणते, पुढं काय लिहू? लिही म्हणलं, बैलांचं लिही.

आपला गडी दगडोबा म्हणतो, उपटलेल्यातली थोडी बैलांनी खाल्ली, बाकीची त्यानं कडब्याच्या पेंढ्यांत बांधली. मी गव्हाणीत हात घालून बघितलं. तीन चिंध्या निघाल्या. लाळेनं भरलेल्या. धुऊन वाळत टाकल्यात.

ती चिंधी कशाची, ते तरी ओळखलंस का? हिरवी, बारीक लाल काठाची. उपटताना हातात आली असेल की तुझ्या.

चांगुणाचा परकर आहे तो.

तुझी बहीण कशानं गेली, असं तू मोठा झाल्यावर विचारलंस, तेव्हा मी सांगितलं, हगवणीनं. खोटं नाही. पण हगवण तुलाही लागली होती व्यंकट. एकाच आठवड्यात दोघांना. तू उठलास.

घरात भाकर एक व्हायची, रेशनवर मिळायच्या त्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची. तिचे मी चार भाग करायचे. तीन तुला, एक तिला. मी पाण्यावर. तू अकरा वर्षांचा, उंच, शाळेत पहिला. ती चार वर्षांची, काटकुळी. मी मनात धरलं, ही काही टिकत नाही, ह्याला तरी जगवू. कोवळ्या पिकात बारकी रोपं उपटून जोरदार तेवढी ठेवतात ना, तुमची विरळणी, ती मी माझ्या घरात केली.

ती मडक्याला टेकून बसायची. "आजी, ह्यात काय हाय?"

"बी हाय. खायचं न्हाई, पेरायचं हाय."

"मग पेरू या की."

चैत्रात गेली. मडकं मी उघडलं नाही. आश्विनात पेरलं, आणि ते पीक तू पोटभर खाल्लंस. तुझा दोष नाही त्यात, तू लेकरू होतास, वाढलं तेवढं खाल्लंस. वाढणारी मी.

राग तुझ्यावर होता, तुझ्यावरच ठेवायचा होता. बोलता बोलता घसरला. नीलम्मानं पेन ठेवलं होतं, आता परत उचललंय. तिला म्हणलं, हे धुऊन-पुसून लिहू नकोस.

तर आता माझं ऐक. शुक्रवारी जीप पाठवू नकोस. पाठवलीस तर पोत्यावर मी बसलेली असेन, आणि तुमच्या चेअरमनला सांग, म्हातारी उचलायला चार माणसं लागतात. तू गुरुवारी एसटीनं ये. धोतर नाहीतर जुनी पँट घाल. कडब्याची गंजी आपण दोघांनी उलगडायची, पेंढी न् पेंढी, ताट न् ताट. चौदा चिंध्या अजून आत आहेत. काही कणसं तरी बैलांच्या तोंडातून वाचली असतील. माझे डोळे गेलेत, तुझे चांगले आहेत. ते कुणाच्या वाटणीवर चांगले राहिले, ते आता तुला माहीत झालंय.

पोरांना मुका. सूनबाईला सांग, गुरुवारी तुला भाकर बांधून देऊ नकोस. इथं आल्यावर मी करीन. दोन भाग करीन, सारखे.

आधी चांगुणाची, मग तुझी,
आजी
(सारजाबाईचा डाव्या हाताचा अंगठा)