गाडी कधीच तयार झाली आहे

प्रिय हट्टी माणसा,

गाडी तयार आहे. हे वाक्य आधी लिहून टाकते, नाहीतर तुझ्या तब्येतीची चौकशी करत, तुझ्या ताईंना नमस्कार सांगत मी पान भरवीन आणि मुद्द्याशी येईपर्यंत माझा धीर सुटेल. आणि ती आज-काल तयार झालेली नाही. तू फोनवर विचारायचास, मिस्त्री काय म्हणतोय, आणि मी सांगायचे की मागच्या बाजूचे रबरी बुश अजून आलेले नाहीत, तेव्हाही ती तयारच होती. सगळे पार्ट आले, बसले, तपासूनही झाले. खोटं बोलले मी. एकदा नाही, प्रत्येक फोनला. तू बिचारा त्या पार्टवाल्याला शिव्या घालायचास आणि मीही तोंड वर करून त्यात माझी एक भर घालायचे. त्या माणसाने काही वाईट केलेलं नाही. भला माणूस आहे, पार्ट वेळेच्या आधी पाठवले त्याने.

चारचौघांत मी तुला अहो म्हणते, पण हे पत्र अहोजाहोत लिहायला घेतलं तर ते अर्ज वाटायला लागलं. म्हणून तूच. रागावायचं असेल तर पूर्ण वाचून झाल्यावर रागाव, मधेच चष्मा काढून ठेवू नकोस.

इस्पितळातून सुटल्यावर आपला जिना झेपणार नव्हता म्हणून तू ताईंकडे राहिलास. मग डॉक्टरांनी तुझ्या मणक्याचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं की हाड छान जुळलंय, आता घरी जा, जिनाही हळूहळू चढा, फक्त प्रवासात धक्के बसता कामा नयेत. ताईंचे यजमान त्यांच्या गाडीतून सोडायला तयार होते. चांगली नवी गाडी, पोटातलं पाणी हलत नाही अशी. पण तू अडून बसलास, जाईन तर माझ्याच गाडीतून जाईन. म्हणजे त्या लांब नाकाच्या, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या तुझ्या लाल धूडातून. मी तिला सवत म्हणायचे ते काही उगाच नाही. माझ्या वाढदिवसाला तू विसरलास, पण तिचं ऑइल बदलायची तारीख कधी चुकवली नाहीस. आणि तिची मागची बाजू तर पार बसलेली. स्प्रिंगचे पाटे म्हातारे, शॉकअप नावापुरते. वळणावर ती होडीसारखी कलायची आणि खड्ड्यात गेली की माझी टिकली छताला लागते की काय असं वाटायचं. अशा गाडीतून तुला आणायचं म्हणजे पुन्हा इस्पितळ गाठायचं. तेव्हा मीच म्हटलं, ठीक आहे, आधी तिची कंबर दुरुस्त करून घेते, मग तुझी घरी आणते. तू किती हसलास फोनवर. मलाही बरं वाटलं होतं त्या दिवशी. खरंच तुझ्यासाठीच सुरू केलं होतं मी हे, एवढं तरी मान.

मिस्त्रींनी मला गाडीखाली वाकून सगळं दाखवलं. मागचे नवे पाटे, पुढच्या नव्या स्प्रिंगा, वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढे एक जाड आडवी सळई. आणि शॉकअप असे की प्रत्येकाला खाली एक छोटा नॉब, एका बाजूला फिरवला की गाडी मऊ चालते, दुसऱ्या बाजूला फिरवला की कडक. मऊ असली की खड्डा कळत नाही, पण वळणावर ती डुलते. कडक असली की वळणावर रेघेसारखी जाते, पण बारीक खडासुद्धा पाठीला कळतो. त्यांनी विचारलं, वहिनी, कोण बसणार आहे ते सांगा, त्या हिशेबाने लावतो. माझा सगळा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला, मला हे लगेच कळलं. म्हटलं, पाठ दुखणारा माणूस बसणार आहे, जितकी मऊ होईल तितकी करा. तुला ती नेहमी कडक हवी होती हे मला ठाऊक होतं. जेवताना आमटी गार होईपर्यंत तू मला हेच सांगायचास, एकदा का हिचं सस्पेन्शन झालं ना, की बघ कशी वळते. मी मान हलवायचे आणि मनात ब्लाउजच्या बाह्या बेतत असायचे.

मग मिस्त्री म्हणाले, चक्कर मारून बघा, मी शेजारी बसतो. आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले. तू कधी नाही म्हणाला नाहीस, हे मान्य आहे. तू फक्त म्हणायचास, क्लच फार जड आहे गं तिचा, तुझ्या गुडघ्याला झेपायचा नाही. अरे, दिवसभर शिलाईमशीन मारणारा गुडघा आहे हा! झेपला. व्यवस्थित झेपला. दुकानाचे कापडाचे गठ्ठे आणायला मी आपली छोटी गाडी गावभर पिटाळते, ते तुला दिसत होतंच की. पण त्या धूडात मी कायम शेजारी, मांडीवर पिशवी, आणि उतरताना तुझं ठरलेलं वाक्य, दार हळू लाव.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना फोन केला की जरा नीट तपासून घेते, अजून एक चक्कर मारते. तिसऱ्या दिवशी फोनही केला नाही. गाडी घरी आणून ठेवली आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बाहेर काढायला लागले. पाण्याच्या टाकीच्या मागून टेकडीवर जाणारा तो वळणांचा रस्ता आहे ना, तिथे. पहिल्या पहिल्यांदा मला भीती वाटायची, मग भीती वाटायची थांबली, मग सकाळ होण्याची वाट बघायला लागले. शेजारच्या बाई विचारायच्या, काय, साहेबांना भेटायला निघालात का? आणि मी हो म्हणायचे. एकदा तर त्यांनी तुझ्यासाठी फळं दिली. ती मी टेकडीवर गाडीच्या बॉनेटला टेकून एकटीने खाल्ली. हे लिहिताना माझे कान गरम झालेत.

पुढचं आणखी लाजिरवाणं आहे. मऊ गाडी वळणांवर डुलायची आणि मला ते आवडेना. मी पुन्हा मिस्त्रींकडे गेले आणि म्हटलं, कडक करा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि नॉब कसा फिरवायचा ते मलाच शिकवलं. चाकाच्या आडून हात घालायचा, टक् टक् वाजेल तसं फिरवायचं, चारही चाकांना सारखं. मी रस्त्यावर गुडघे टेकून, पदर खोचून ते केलं. तुझ्या दुखऱ्या पाठीसाठी बेतलेली गाडी मी उसवून माझ्या मापाची करून घेतली. दुकानात कुणी गिऱ्हाइकाचं कापड असं स्वतःसाठी वापरलं असतं, तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आता गाडीबद्दल नाही, घराबद्दल लिहिते. तू ताईंकडे गेल्यावर पहिले काही दिवस घर खायला उठलं. नंतर नाही उठलं. सकाळी रेडिओ नाही, तो बंद का केलास म्हणून विचारणारं कुणी नाही. चहा मी मला हवा तेव्हा प्यायले. खिडकी उघडी ठेवून झोपले. कुणी मला माझ्याच घरात कांदा कसा चिरावा ते सांगितलं नाही. लेकीचा फोन आला की मी आवाज पाडून बोलायचे, म्हणजे तिला वाटावं आई एकटीने झुरतेय. आणि झुरत वगैरे नव्हते मी. वजन वाढलंय माझं! रोज रात्री दिवा मालवताना मी स्वतःला विचारायचे, तो घरी यायला हवाय ना तुला? उत्तर हो असंच यायचं रे. पण यायला जरा वेळ लागायचा. त्या वेळाची मला इतकी लाज वाटायची की मी उशीत तोंड खुपसायचे. तू तिकडे काठी टेकत ताईंच्या ओसरीत येरझाऱ्या घालून पायात बळ आणतोयस, घरचा जिना चढायचाय म्हणून, आणि मी इकडे उत्तर शोधतेय.

आणि परवाचं. तुला ठाऊकच आहे, तरीही मलाच सांगायला हवं. परवा मी तुला आणायला निघाले होते. खरंच निघाले होते, तुझा धुतलेला शर्ट, पाठीला लावायची उशी, सगळं मागच्या सीटवर होतं. ताईंच्या गल्लीत शिरले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी अशी दणकून आदळली की माझे दात वाजले. तेव्हा आठवलं, नॉब कडकच आहेत. आता तुला वाटेल, म्हणून मी परत फिरले. तसं मला फार फार म्हणायचंय. पण उतरायचं, चार चाकांशी वाकायचं, नॉब फिरवायचे, एवढंच काम होतं. मला ते येत होतं. मी गाडी थांबवली, हात चावीवर ठेवला, ताईंचं फाटक समोर दिसत होतं. आणि मी गाडी वळवली. नॉब हे निमित्त झालं. ते नसतं तर मला दुसरं काही सापडलं असतं.

संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालास, आज गल्लीत आपल्यासारख्या गाडीचा आवाज आला. आणि मी म्हणाले, दुसऱ्या कुणाची तरी असेल. त्या इंजिनचा आवाज! पाच गल्ल्यांवरून तू तो ओळखतोस, दुपारच्या झोपेतही ओळखतोस. आणि तू म्हणालास, हो, असेल. मग विचारलंस, जेवलीस का? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तू ओरडला असतास तर मीही चार शब्द ऐकवले असते, आपलं नेहमीचं भांडण झालं असतं. पण तू माझं खोटं सांभाळून घेतलंस. तू दारापर्यंत चालत आला असशील, काठी टेकत, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. त्या रात्री मी जेवले नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू पुन्हा, हो, असेल, असं म्हणाला असतास आणि मी पुन्हा सुटले असते, म्हणून लिहिलं. आणि लिहायचं कारण कालचं आहे. काल सकाळी मी शेवटचीच म्हणून टेकडीवर गेले. ते सगळ्यात वाईट वळण, जिथे तू नेहमी पुटपुटत ब्रेक मारायचास, ते मी काल असं घेतलं की काय सांगू! वळणाच्या आधी वेग उतरवला, मधे ब्रेकला पाय लावला नाही, बाहेर पडताना हळूच ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी जराही न कलता रस्त्याला चिकटून निघाली. मी शेजारी मान वळवली आणि मोठ्याने म्हणाले, बघितलंस? शेजारी कुणी नव्हतं. गाडी कडेला घेऊन मी खूप रडले. लेकीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आई, हळू चालव. शेजारच्या बाई म्हणाल्या असत्या, बाई गं, या वयात! या जगात एकच माणूस आहे जो विचारेल, कितव्या गिअरमध्ये होतीस? दुसऱ्या. आणि मग तू म्हणशील तिसराच हवा होता, आणि आपण घरी पोचेपर्यंत भांडू. हे प्रेम आहे की मला नुसता एक ऐकणारा हवाय, ते मला नाही सांगता येत. पण काल रात्री दिवा मालवताना विचारलं, तर उत्तराला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी येतेय. चारही चाकं मऊ करून, सावकाश चालवत, तुझ्या पाठीला कळणारसुद्धा नाही असं तुला घरी आणीन. त्यानंतर ती गाडी कधी कडक ठेवायची आणि कधी मऊ, हे दोघांनी मिळून ठरवायचं, आणि ती टेकडी माझी. पटत नसेल तर शनिवारी फोन करून तसं सांग, मी ऐकून घेईन, मला बोलायला तोंड नाही. पटत असेल तर फाटकाशी उभा राहा. फक्त सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायला येऊ नकोस. तिथे मी बसलेली असेन.

तुझीच,
खोटारडी