लाल दोऱ्याच्या मुठीची सुरी आणि बाकीची मालमत्ता

देवाला स्मरून, सकाळची प्रार्थना आटोपून आणि चष्मा पुसून मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, दिवंगत शिंप्याची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. नसती, तर मुलाने गेल्या महिन्यात पुढे केलेल्या बँकेच्या कागदावर मी केव्हाच सही करून मोकळी झाले असते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला. तो कोणी व कसा केला हे त्या त्या कलमात येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी माझ्या घरावर कोणाचा डोळा नव्हता.

कलम १. घर.

हे घर आमच्या ह्यांनी शिलाईच्या पैशांतून बांधले आणि जाण्याआधी माझ्या नावे केले. पुढच्या खोलीत ह्यांचे दुकान होते. आता तिथे मुलगी शिवणकाम करते आणि माझ्याजवळ राहते. तिला दुसरे छप्पर नाही. मुलगा विमा कंपनीत आहे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि लोकांना दिवसभर सांगत असतो की सही करण्याआधी बारीक अक्षर वाचा.

असा हा मुलगा एका रविवारी येऊन म्हणाला, "आई, काकाला सुऱ्यांचा कारखाना काढायचाय. जागा बघितली, मशीन बघितलं. फक्त हे घर तारण ठेवायचंय."

"आणि तुझी बहीण?"

"ताई राहील की इथंच. कागद तेवढे बँकेत राहतील. कर्ज फिटलं की परत."

"आणि नाही फिटलं तर?"

"का नाही फिटणार? तू स्वतः काकाची सुरी वापरतेस. इतकी वर्षं झाली, अजून लोण्यातून फिरावी तशी फिरते. तूच सांग, असा माल खपणार नाही?"

यावर मी गप्प बसले. माझे गप्प बसणे त्याने होकार समजले आणि कागद मेजावर ठेवून गेला. मी का गप्प बसले ते कलम ४ मध्ये आहे.

सबब, हे संपूर्ण घर, पुढच्या खोलीसह, शिलाई मशीनसह आणि गळक्या नळासह, माझ्या पश्चात फक्त मुलीच्या मालकीचे राहील. तिच्या हयातीत ते गहाण टाकण्याचा, विकण्याचा किंवा कोणाच्या हौसेसाठी कोणाला देण्याचा हक्क तिच्याशिवाय कोणालाही नाही. माझ्या हयातीत मी सही करणार नाही. कागद आहे तिथेच मेजावर आहे. त्यावर सध्या मिठाची बरणी असते.

कलम २. ह्यांची कात्री.

हीसुद्धा मुलीला. ह्यांनी आयुष्यभर ही एकच कात्री वापरली. तिने कापडाशिवाय काही कापायचे नाही असा नियम होता. एकदा मुलाने शाळेचा पुठ्ठा कापला तर दोन दिवस घरात बोलणे बंद होते. चांगले पोलाद म्हणजे काय हे ह्यांना पक्के ठाऊक होते, एवढेच मला इथे नोंदवून ठेवायचे आहे. म्हणजे पुढचे कलम वाचताना ते लक्षात राहील.

कलम ३. भावजींच्या सुऱ्या.

भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि सुरी घडवणारे होऊन परत आले. मला दोन दिवसांत नवा स्टोव्हसुद्धा पेटवता आला नव्हता. पण मी पडले बाईमाणूस.

खोकी बांधायची लोखंडी पट्टी, अंगणातली भट्टी आणि एक हातोडा, एवढ्यावर त्यांनी पहिली सुरी केली. दिसायला डोळ्यांत भरेल अशी. काळे पाते, त्यावर हातोडीचे ठसे, मुठीला लाल दोरा, आणि सोबत एक कार्ड: "हातानं घडवलेली. प्रत्येक सुरी वेगळी." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हात कोणाचा हे लिहिले नव्हते. आणि प्रत्येक सुरी वेगळी होती हे मी शपथेवर सांगते: एक वाकली, एक गंजली, एकीचे टोक भोपळ्यात राहिले, आणि एकीने कांद्याला इतके दाबले की तो कापला न जाताच रडवून गेला.

मला त्या दिल्या नव्हत्या. मी विकत घेतल्या. "घरच्यांना निम्मी किंमत" असे भावजी म्हणाले, आणि बाजारातल्या चांगल्या सुरीपुढे ती रक्कम अगदीच किरकोळ होती. स्वस्त म्हटले की माझा हात आपोआप पुढे होतो. देवाने मला तसेच केले आहे. पण एक मोडली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी, वर मूठ चिकटवायला डिंक, वर धार लावणाऱ्याची मजुरी. आणि धार लावणारा तरी काय म्हणाला? "बाई, दगडाला धार लागेल. हिला नाही लागणार."

मी भावजींना सांगितले नाही असे कोणी म्हणू नये. तोंडावर सांगितले.

"भावजी, ही कापत नाही, नुसती चेपते."

"वहिनी, तुम्ही मनगटातून कापता. खांद्यातून कापा."

खांद्यातून कापले. खांदा दुखला, गाजर तसेच.

"भावजी, ही गंजली."

"पाणी लागलं असणार."

"स्वयंपाकघर आहे हो हे."

"वहिनी, हातानं घडवलेल्या वस्तूला जीव असतो. तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो."

"या घरात मी नवऱ्याचा स्वभाव समजून घेतला, सासूबाईंचा घेतला, नळाचा घेतला. आता सुरीचाही घेऊ?"

आणि हे सगळे चालू असताना आमचे हे, ज्यांनी जन्मात कधी काकडी चिरली नाही, पात्यावरून अंगठा फिरवून म्हणायचे, "वा! काय धार आहे!" ज्या माणसाने स्वतःच्या कात्रीला पुठ्ठा शिवू दिला नाही, त्याने बायकोच्या हातात ही पट्टी दिली. कलम २ पुन्हा वाचावे.

मग एक दिवस भोपळा चिरताना मूठ माझ्या हातात राहिली आणि पाते निघून माझ्या डाव्या अंगठ्यात गेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टाके घातले. टाके घालता घालता म्हणाले, "काकू, धारदार सुरीनं कापलेली माणसं माझ्याकडे कमी येतात. बोथट सुरीवाली जास्त. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती कुठं जाईल याचा नेम नाही."

भावजी भेटायला आले. फळे आणली नाहीत. नवी सुरी आणली.

या सुऱ्यांपैकी तीन अजून खालच्या फडताळात, जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्या मुलाला द्याव्यात. कुठल्याही कागदावर स्वतः सही करण्यापूर्वी, किंवा दुसऱ्याची मागण्यापूर्वी, त्याने त्या महिनाभर स्वतःच्या स्वयंपाकघरात वापराव्यात. बायकोच्या हातात देऊ नयेत, स्वतः वापराव्यात. सुनेने माझे काही वाईट केलेले नाही.

कलम ४. चांगली सुरी.

अंगठ्याला पट्टी बांधून मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे काही न बोलता बाहेर गेले. ज्या म्हाताऱ्या लोहाराकडून त्यांनी कात्री घेतली होती त्याच्याकडून एक सुरी घेऊन आले. साधी. ठसे नाहीत, कार्ड नाही, काही नाही. किंमत ऐकून मी पिठाच्या डब्यावर बसले.

"परत करून या आधी."

"टोमॅटो आण," हे म्हणाले.

पिकलेला टोमॅटो होता. त्यांनी त्यावर सुरी नुसती टेकवली आणि मागे ओढली. साल चेपली नाही, रस उडाला नाही, काप बाजूला पडला. मी देवाचे नाव घेतले आणि किमतीबद्दल पुन्हा बोलले नाही. ती आजतागायत तशीच चालते. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितले नाही, फक्त धुऊन लगेच पुसून ठेवणे.

एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. तीसुद्धा हातानेच घडवलेली आहे. माझे हाताशी भांडण नाही. तो म्हातारा वाईट निघालेली सुरी परत भट्टीत टाकतो. आमचे भावजी वाईट निघालेली सुरी वहिनीला विकतात.

त्याच संध्याकाळी ह्यांनी दुकानातले लाल दोऱ्याचे रीळ आणले आणि त्या सुरीची मूठ भावजींच्या सुऱ्यांसारखी गुंडाळायला बसले.

"हे कशाला?"

"त्यानं पाहिलं तर दुखावेल. धाकटा आहे तो."

"आणि माझा अंगठा थोरला आहे, म्हणून त्यानं सोसायचं?"

"मी असेपर्यंत बोलू नकोस. एवढं ऐक."

मी ऐकले. नवऱ्याला दिलेला शब्द देवासमोर दिल्यासारखाच. पण व्हायचे ते झाले. भावजी आले, त्यांनी मला टोमॅटो चिरताना पाहिले, मुठीवरचा दोरा पाहिला, आणि त्यांची छाती फुगली. तेव्हापासून जो कोणी गिऱ्हाईक मिळेल त्याला ते माझ्या स्वयंपाकघरात आणू लागले. "बघा, आमच्या वहिनी. माझीच सुरी. स्वभाव समजून घेतला की अशी चालते!" मी टोमॅटो चिरत उभी. हे दारात मान खाली घालून उभे. गिऱ्हाईक खूश होऊन एक सुरी घेऊन जायचे आणि पुन्हा कधी दिसायचे नाही. भावजी म्हणायचे, "बघा, एकही तक्रार नाही."

हेच पाहत मुलगा मोठा साहेब झाला. काकाचा कारखाना, मुलाचा विश्वास आणि बँकेचे कर्ज, हे सगळे त्या म्हाताऱ्या लोहाराच्या पोलादावर उभे आहे. खाली माझ्या मुलीचे छप्पर. ह्यांनी शब्द घेताना "मी असेपर्यंत" म्हटले होते. हे आता नाहीत. सबब वरील मजकूर.

ही सुरी मुलीला. दोरा ठेवायचा की काढायचा ते तिने ठरवावे.

कलम ५. ठेव.

घरखर्चातून वाचवून ठेवलेली बँकेतली सर्व ठेव मुलाला. ती त्याने सुऱ्यांत घातली तरी माझी हरकत नाही. पैसे त्याचे राहतील. बहिणीचे घर त्याचे राहणार नाही.

कलम ६. माझ्या मागे.

रडारड थोडी असावी. फुले कमी आणावीत, दुसऱ्या दिवशी ती फेकावीच लागतात. भाषण कोणी करू नये. भावजींनी तर मुळीच करू नये, कारण ते बोलता बोलता सुरीवर येतील.

कलम ७. भावजी.

भावजींना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. वकिलांनी मला सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही. म्हणून मी भावजींनाच साक्षीदार केले आहे. पुढे कोणी त्यांच्या नावाने काही मागायला नको, आणि हे सगळे त्यांना माझ्या तोंडून ऐकायला मिळावे. न वाचता सही घेण्याची पद्धत मी या घरात बंद करत आहे. मी मोठ्याने वाचेन, मग सह्या होतील.

ह्यांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून पाय चेपणारा माणूस भावजीच होते, हेही लिहून ठेवते, नाहीतर वर गेल्यावर मला विचारले जाईल. माणूस चांगला आहे. लोखंड वाईट आहे.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिला: दीर, निवृत्त कारकून (सही केव्हा केली ते खालील टिपेत)
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचे डॉक्टर (अंगठ्याचे टाके त्यांचेच)
ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार

टीप. ही टीप दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिली असून तिच्याखाली तिघांनी पुन्हा सह्या केल्या आहेत.

मी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. मुलगा दारात उभा होता, मुलगी मशीन थांबवून आली होती. वाचून झाल्यावर भावजी मेजाजवळ आले. मग म्हणाले, "वहिनी, टोमॅटो आहे का?"

मुलीने दोन आणले. फडताळातून त्यांची एक सुरी काढून दिली. भावजींनी खांद्यातून कापले. टोमॅटो चेपला, फुटला आणि बिया डॉक्टरांच्या शर्टावर गेल्या. रस मेजावरून ओघळत बँकेच्या कागदावर गेला. कागद मुलाच्या हाताशी होता. त्याने तो उचलला नाही.

मग भावजींनी लाल दोऱ्याची सुरी घेतली. एक काप केला. दुसरा केला. तिसरा करताना हात थांबला. त्यांनी मूठ फिरवून पाहिली, नखाने दोऱ्याचे टोक शोधले.

"ही गाठ दादाची आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं, एक तरी चांगली झाली माझ्या हातून."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. मुलाने हळूच विचारले, "काका, जागेचा विसार दिलाय का?" भावजींनी मान हलवली, नाही. मग पेन मागितले आणि जिथे मी बोट ठेवले तिथे सही केली. अक्षर कचेरीतले, सुरेख.

दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"वहिनी, ती सुरी मला द्याल? दादाची आठवण म्हणून."

मी म्हटले, "भावजी, साक्षीदाराला काही मिळत नाही."