बर्गंडीच्या मळ्यातलं ऑफिस

प्रिय वैशाली,

उद्या सकाळी मी आणि आपली लेक सई रियाधहून पुण्याला निघतोय. परवा तुझं वर्षश्राद्ध. तासगावहून आबा येणार आहेत. त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं या विचारानं बॅग अर्धवट भरून बसलोय. "माझ्या वडिलांना तोंड दाखवायची लाज वाटावी असं काय केलंस?" असं तू विचारशील. सांगतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आम्ही फ्रान्सला जाऊन आलो, तुझ्याच बुकिंगवर. याच सोफ्यावर बसून तू बर्गंडीतलं ते गाव शोधलं होतंस, ऐन द्राक्षकाढणीच्या दिवसांतलं. थेंबभर वाइन पिणार नाहीस तर तिथे जायचं कशाला, असं मी चिडवलं, तेव्हा म्हणालीस, "दुसऱ्यांच्या बागेत निवांत बसायला. आपल्या बागेत कधी बसायला मिळालं?" द्राक्षांच्या हंगामात तासगावला तुमच्या घरी कुणी शांतपणे जेवलेलं मी तरी पाहिलं नाही!

मी रद्द करणार होतो गं. तुला जाऊन वर्ष व्हायचं होतं. गणपतीत वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी आरतीला बोलावलं, तर चेहरा गंभीर करून "यंदा आमच्याकडे सण नाही" म्हणून सांगितलं. आणि त्याच महिन्यात विमानात बसलो! सईनं हट्ट केला असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मलाच जायचं होतं. या फ्लॅटमधली शांतता मला सोसेना.

आणि तिथे बरं वाटलं. उशिरा उठायचं, पाव-चीज घेऊन दगडी बांधावर बसायचं, दुपारच्या जेवणाची संध्याकाळ करायची. आता वाईट वाटेल, मग वाईट वाटेल, अशी मी वाट पाहत होतो. नाही वाटलं. त्याचीच लाज वाटायला लागली.

एक दिवस पाहुण्यांनाही द्राक्षं तोडू देतात. सईच्या आणि माझ्या हातात कात्र्या दिल्या. आम्ही काय केलं असेल? आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या बागेत मी घड मुठीत धरला, तेव्हा सगळ्यांदेखत तू मला झापलं होतंस? देठाला धरा, मण्यांवरची पांढरी लव पुसली तर व्यापारी मालाकडे बघणारसुद्धा नाही! तेच आम्ही दोघं तिथे करत बसलो. देठाला धरून कापायचं, नासका मणी काढायचा, क्रेटमध्ये एकच थर अलगद मांडायचा. मळ्याची मालकीण आली, बघतच राहिली आणि पोट धरून हसायला लागली. आमचा मांडलेला क्रेट तिनं उचलला आणि दुसऱ्या क्रेटवर धाडकन उपडा केला. संध्याकाळी वाइनसाठी ते सगळं चिरडायचंच होतं!

सई हसली. वैशाली, तू गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. मातीत फतकल मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पुन्हा कात्री घेऊन तशीच हसत हसत कामाला लागली. मीही हसलो.

तेवढ्यात आबांचा फोन आला.

"पाव्हणं, कुठं हायसा?"

"ऑफिसात आहे, मामा."

बरं, कामात असाल, निवांत बोलू, म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सईची कात्री थांबली होती.

"बाबा, यू लाइड टू आबा," ती म्हणाली. "ही आईची ट्रिप आहे ना? देन व्हाय आर वी हायडिंग?"

त्या मळ्याबद्दल सगळ्यात आधी सांगावं असं माणूस कोण होतं? तुझे आबाच ना? माती कसली, वेल केवढा, पाणी किती देतात, विचारून विचारून त्यांनी मला भंडावलं असतं. पण वर्षाच्या आत मौज करायला निघालेला जावई म्हणून ते माझ्याकडे बघतील, ही भीती वाटली. त्यांचा एवढा आनंद मी माझ्या अब्रूपायी बुडवला.

आज संध्याकाळी सईनं त्यांना फोन लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी सगळं सांगून टाकलं.

"मला तवाच कळलं हुतं," आबा म्हणाले. "ऑफिसात कात्री वाजत न्हाई, पाव्हणं."

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतोय, पण त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही! मी आपणहून सांगेन म्हणून ते वाट बघत राहिले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. ठेवताना म्हणाले, "आन् हसत हुती ती सईच न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग बरं केलंसा."

त्यांनी मोठेपणा दाखवला म्हणून माझी लाज कमी झाली नाही. उलट वाढलीच. परवा त्यांच्या पाया पडेन तेव्हा मान वर करायला मला वेळ लागेल.

पण एक शब्द देतो तुला. फेब्रुवारीत तुमच्याकडे काढणी सुरू झाली की रजा टाकून सईला घेऊन जाईन. तिला घड कसा धरायचा ते शिकवावं लागणार नाही. आणि साहेबांचा फोन आला, कुठे आहेस म्हणून विचारलं, तर कात्री न थांबवता सांगेन, बायकोच्या बागेत आहे.

तुझाच,
मिलिंद