नानांची हिरवी फाईल

कोपरगाव, मंगळवार संध्याकाळ

बातम्यांमधला आणि एआयमधला पूर्वग्रह हा माझ्या पीएचडीचा विषय, म्हणून नानांनी, माझ्या आजोबांनी, हौसेने त्यांची हिरवी फाईल दिली. तालुक्याचे वार्ताहर असताना त्यांनी दिलेल्या सगळ्या बातम्यांची कात्रणं, खळीने चिकटवलेली. चोरी कुठेही होवो, शेवटची ओळ तीच: 'पारधी वस्तीवर संशय.' पकडलेल्यांपैकी कोणी निर्दोष सुटलं, अशी बातमी एकही नाही. फाईल दोनदा चाळली.

आज एआयला नुसतं 'गावात चोरी झाली, संशय' एवढंच लिहून दिलं. पुढे त्याने पारधी वस्ती लिहिली. नानांना दाखवायलाच नको होतं. वाटलं, चपापतील. ते चष्मा लावून हसले.

"बघ, मशीनलाबी कळतंय. त्याला कुठं जात हाय? मग मी काय खोटं लिवलं व्हय?"

असल्याच बातम्या वाचून ते शिकलंय, हे मी बोलले का? नाही. मग प्रबंधात कोणत्या तोंडाने लिहिणार?

जेवताना म्हणाले, "त्याची प्रिंट आण उद्या. हिरव्या फायलीत लावू. लहानपणी कात्रणांना खळ तूच लावायचीस."

मी हो म्हणाले.