मामाची पत्रिका

११ नोव्हें.
आई म्हणायची, "दारी आलेली पत्रिका न उघडता ठेवू नाय. बोलावणाऱ्याचा अपमान होतो." काल शाळेतल्या मैत्रिणीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर आली. नाव 'लग्नपत्रिका', शेवटी apk. उघडली. आत पत्रिका नव्हतीच. चोरांचं ॲप. मोबाईलमध्ये शिरलं आणि माझ्याच नावानं साऱ्या नातलगांना गेलं. बिडकीनच्या दादालाही.

१२ नोव्हें.
दादानं उघडलं. का नाही उघडणार? माझ्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न ठरलंय, पत्रिकेची वाटच बघत होता. त्याचं बँकेचं खातं धुऊन नेलं. त्यानंच फोन केला.
"पैशाचं जाऊ दे. भाचीची पत्रिका मामाला मोबाईलवर?"
"दादा, मी नाही रे पाठवली. अजून छापल्याही—"
"नंबर तुझा, फोटो तुझा. शहरात, गारखेड्यात ऱ्हाऊन लई मोठी झालीस."
ठेवला.

१३ नोव्हें.
सायबर पोलीस. तक्रार घेतली. हवालदार हसला. "मॅडम, पत्रिका फोटो असती, नायतर पीडीएफ. apk म्हणजे ॲप. शेवटची अक्षरं बघायची ना."
बघायची! माणूस नाव वाचतो, शेपूट कोण तपासतं? पण खरी चीड फाईलला ते नाव देणाऱ्याची. 'बक्षीस' लिहिलं असतं तर मी हात लावला नसता. मेल्यानं लग्न निवडलं. आपल्यात बोलावणं टाळत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. मी आयुष्यभर लिहिताना एकेक शब्द निवडत बसले. ह्याच्या एका शब्दानं माझा भाऊ...

१६ नोव्हें.
पत्रिका छापून आल्या. पहिली गणपतीपुढं, दुसरी दादाची. कुंकू लावून, अक्षता घेऊन बिडकीनला गेले. दादा शेतातून आलाच नाही. वहिनीनं चहा ठेवला. "ताई, त्यांचं एकच चाललंय. मामाची गरज ऱ्हायली नाय म्हणतेत." पाकीट देव्हाऱ्यात ठेवून आले.
ऋतुजा म्हणते, "मग मला मांडवात कोण आणणार?"
उरलेल्या पाकिटांवर नावं लिहीत बसले. दात ओठ खात.

१९ नोव्हें.
वहिनीचा फोन. पाकीट तसंच आहे, फोडलेलं नाही.
चोराची उघडली. माझी नाही!
भांडी आदळली. मग रडले. मग पुन्हा संताप.
वहिनीपाशी निरोप दिला. नाहीच म्हणेल, ओळखते मी त्याला. तरी.
दादा, पाकीट नको फोडूस. अक्षता पडेपर्यंत पोरीच्या पाठीशी तेवढा उभा राहा.