डावं चाक

माय,

जीप अजून आहे. छताची ताडपत्री नवी आहे, सीटा पुन्हा शिवून घेतल्या, आणि मूळ रंग कोणता होता यावर आप्पांचं आणि माझं एकमत होत नाही. पण आहे. तुझ्या बाजूची धरायची दांडी तुझ्या हाताने जिथे गुळगुळीत झाली, तिथेच आता माझा हात पडतो. मी तिथे बसते, दर रविवारी.

तुझ्या वेळी ती गरज होती. गावाकडे पांझरेवर पूल नव्हता, एसटी अलीकडच्या काठाला सोडून परत फिरायची, म्हणून आप्पांनी ती पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली. सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळणारा माणूस जीप घेतो म्हणून बमरोलीच्या आपल्या गल्लीत लोक हसले होते. आता सुरतेतली माणसं चांगला रस्ता सोडून मुद्दाम चिखलात जातात. त्यासाठी रविवारी सकाळी पर्वत पाटियाच्या एका चहाच्या टपरीवर जमतात, गाड्या एका रांगेत लावतात आणि त्यांच्याभोवती फिरत राहतात. तू विचारलं असतंस, यांच्या गावांना पूल नाहीत का? पूल आहेत, माय. तरी जातात. आप्पाही जातात. मिल सुटली, बरोबरीचे लोक एकेक करून गेले किंवा गावी परतले. आठवडाभर ते खिडकीशी बसतात आणि शनिवारी संध्याकाळी जीप पुसायला घेतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा तेवढाच एक दिवस उरला आहे.

टपरीवरची बोलणी तुला आवडली असती. एक साडीवाला आहे, कापडबाजारातला, त्याच्याकडे घराएवढा ट्रक. एक बँकवाला आहे, जळगावकडचा, त्याची गाडी अजून बँकेचीच आहे असं सगळे म्हणतात आणि तोही म्हणतो. साडीवाल्याने टायर बदलले की बँकवाला वाकून बघतो. "शेठ, एवढे मोठे टायर! घरच्या गेटमधून जाते का?" साडीवाला म्हणतो, "गाडी तो जाती है. बायडी बोलती है, तुम बाहर सो जाओ." मग एकाने नवी दोरखंडाची चरखी बसवलेली असते, दुसऱ्याने इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून छतापर्यंत नळी नेलेली असते, आणि तिसरा सांगतो की ह्या नळीतून तुझ्या सासूबाईंना हाक मारता येईल. डिझेल बरं की पेट्रोल, पत्र्याची गाडी बरी की आताची, यावर दर रविवारी तोच वाद. आप्पा बशीत चहा ओततात आणि ऐकतात. त्यांना विचारलं तरच बोलतात. "काका, आ तमारी गाडी म्यूझियममां मूको," साडीवाला म्हणतो. आप्पा म्हणतात, "ठेवू की. तुमचा ट्रक ओढून बाहेर काढायचा असला तर तिथूनच घेऊन येईन." मग सगळे हसतात, कारण हे एकदा खरंच झालेलं आहे.

ते हसतात तेव्हा मला पांझरेचा काठ दिसतो. आपण काठाशी थांबलो आहोत. मी मागे, धान्याच्या पोत्यावर. तुला माहीत आहे, पण लिहिताना मला पुन्हा पाहायचं आहे. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती आहे. खाली उतरून ती हाताने फिरवली तरच इंजिनाचा जोर त्या चाकापर्यंत पोचतो. आतला दांडा नुसता ओढून काही होत नाही. आणि एका चाकाची फिरवली, दुसऱ्याची राहिली, तर दोन्ही राहिल्यासारखंच. आप्पा उजवीकडे उतरतात. तू डावीकडे. पहिल्यांदा तू हे का धरलंस मला ठाऊक नाही. ते वळसा घालून तुझ्या बाजूला येऊ लागले आणि तू हात आडवा केलास, एवढं आठवतं. "तुन्हं चाक तू देख, मन्हं मी देखस," म्हणालीस. तेव्हापासून डावं तुझं झालं. लुगडं गुडघ्यात आवळून तू बसायचीस, चकती फिरवायचीस आणि हात वाळूला पुसायचीस. बॉनेटच्या पलीकडून आप्पा विचारायचे, "व्हयनं का?" तू म्हणायचीस, "व्हई गयं." हे ऐकल्याशिवाय त्यांनी कधी दांडा ओढला नाही. एकदा तू मुद्दाम गप्प राहिलीस. ते पलीकडे उभेच. शेवटी मी मागून ओरडले, माय हसते आहे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तुझ्याकडे फेकली होती. ती टोपी तू गावी पोचेपर्यंत घातली होतीस, आणि काकूने दारातच विचारलं होतं, हा कोण नवा ड्रायव्हर?

मी कॉलेजात होते तेव्हा तू गेलीस. दिवस करायला आपण गावी निघालो, म्हणजे आप्पा आणि मी. मी मागेच बसले. पुढची डावी जागा रिकामी होती आणि तिथे बसावं असं मला सुचलं नाही. काठाला आप्पा उतरले, आपली बाजू करून परत आत आले, दांडा ओढला आणि गाडी पात्रात घातली. ती वाळूत रुतली. मागची चाकं खोल जात राहिली. आप्पांनी इंजिन बंद केलं.  मग "राहिलं," एवढंच म्हणून खाली उतरले आणि पाण्यातून वळसा घालून तुझ्या चाकापाशी गेले. मी मान वळवली होती. त्यामुळे ते तिथे किती वेळ होते ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर पूल झाला आणि जीपला पाण्यात जायची गरज उरली नाही. या रविवारच्या मंडळींत आल्यावर मात्र डावं चाक पुन्हा राहू लागलं. दर वेळी नाही, पण बरेचदा. मी पुढे तुझ्या जागी असते. उतरायला गेले की आप्पा म्हणतात, "तू बस. होतंय." आणि होत नाही. गाडी रुतते, ते खाली उतरतात, गुडघ्यावर हात ठेवत वळसा घालतात. टपरीवर याची थट्टा झाली. "काकांचं लेफ्ट आज सुट्टीवर?" बँकवाला विचारायचा. सगळ्यांना वाटे, वय झालं. मलाही वाटे.

मागच्या महिन्यात मांडवीच्या पुढे तापीच्या पात्रात गेलो होतो. बँकवाला सगळ्यांचे फोटो काढत होता, म्हणून गाड्या बंद होत्या. वारा नव्हता. आप्पा उतरले, उजव्या चाकाशी बसले, उठले. मग बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "व्हयनं का?" मी आत बसले होते. एरवी इंजिन चालू असतं, म्हणून मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. ते थोडं थांबले, नेहमी थांबायचे तेवढंच, आणि आत आले. मी तुझी दांडी धरून बसले.  पात्राच्या मध्यावर आम्ही रुतलो. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, ते चढू लागलं, आणि पावलं ठेवायच्या फळीपर्यंत आलं तेव्हा साडीवाल्याने ट्रक मागे आणून आम्हाला ओढून काढलं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. तेच वाईट होतं. चहा पिताना बँकवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, राग मानू नका. काकांनी आता आमच्या गाडीत बसावं. मागे, आरामात." मागे आरामात म्हणजे काय ते मला कळलं. एखाद-दोन रविवार ते गेले असते. मग शनिवारी जीप पुसायला घेतली नसती.

या रविवारी साडीवाल्याने एक खोका आणून जीपच्या बॉनेटवर ठेवला. चांगला माणूस आहे. म्हणाला, "काका, बटन दबावो, बन्ने व्हील साथे लॉक. नीचे उतरवानुं ज नहीं." त्याचा मेकॅनिकही बरोबर होता. हे बसवलं तर आप्पांनी गाडी चालवायला कुणाची हरकत नव्हती, आणि नाही बसवलं तर होती, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी खोका उघडला, आतल्या नव्या चकत्या हातात घेऊन पाहिल्या. "दोन्ही एकदम?" त्यांनी विचारलं.

"बन्ने साथे, काका."

"म्हणजे विचारायला नको."

"कोने पूछवानुं?" साडीवाला हसला.

आप्पांनी चकत्या परत खोक्यात ठेवल्या आणि झाकण लावून खोका मागच्या सीटवर ठेवला. "आज असंच जाऊन बघू," म्हणाले.  बँकवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

नदीवर सगळे आधी पलीकडे गेले आणि तिथून बघत उभे राहिले. आप्पा उतरले. मीही उतरले. "तू बस," ते म्हणाले. मी बसले नाही. तुझ्या चाकापाशी गेले, गुडघे टेकले आणि चकतीला हात घातला. जोर लावायची तयारी ठेवली होती, कारण उजवीकडची चकती आप्पांना दोन्ही हातांनी फिरवावी लागते. ही नुसत्या बोटांनी फिरली. आत ताजं ग्रीस होतं. दर शनिवारी ते काय पुसत बसतात ते मला तेव्हा कळलं. मी हात वाळूला पुसले आणि उठले. बॉनेटच्या पलीकडे ते उभे होते. माझ्याकडे पाहत होते, आणि विचारतील की नाही ते कळत नव्हतं. काठावरून कुणीतरी हॉर्न दिला. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"व्हयनं का?" ते म्हणाले.

"झालं, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आत बसले, दांडा ओढला. जीप पात्रात उतरली आणि कुठेही न अडखळता वर चढली. साडीवाला दोन्ही हात वर करून ओरडत होता, "आज तो लेफ्ट चाल्युं, काका!" आप्पांनी गाडी त्याच्याजवळ नेऊन थांबवली आणि खोका मागच्या सीटवरून काढून त्याच्या हातात दिला. "हा तुमच्या ट्रकला लावा, शेठ. माझ्या डाव्या बाजूला माणूस आहे." "आदमी नहीं काका, बेन है," साडीवाला म्हणाला. "तेच म्हटलं," आप्पा म्हणाले.  घरी येताना पर्वत पाटियाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला, त्याने विचारलेलं नसताना, गाडीचा मूळ रंग कोणता ते सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, हे मला कळतं. एक मात्र तुला सांगायचं राहिलं. बॉनेटपाशी तुझाच शब्द माझ्या ओठावर आला होता. मी तो म्हटला नाही. वाटलं, तो ऐकून ते तुला शोधतील आणि तिथे मी असेन. आता आप्पा झोपाळ्यावर डोळे मिटून पडले आहेत, स्वयंपाकघरात कुणी नाही, म्हणून मघाशी एकदा म्हणून पाहिला. व्हई गयं. तुझ्यासारखा नाही आला.